शहापूर-मुरबाडचा जमाखर्च : गल्ला, मुद्दल आणि विकास

सरकारी परिपत्रकांत, बँकेच्या मेळाव्यांत आणि निवडणुकीच्या भाषणांत 'शाश्वत विकास' हे शब्द हल्ली इतक्या वेळा कानांवर पडतात की ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि आपल्या कामाला लागावे, अशी रीतच पडली आहे. आमच्या वाचकांत दुकानदार आहेत, आठवडे बाजार करणारे फेरीवाले आहेत, शिंपी, पिंजारी, मणियार, लोहार, सुतार आहेत. त्यांचा समज असा की हा विषय प्राध्यापकांचा आणि दिल्लीतल्या अधिकाऱ्यांचा. आपला संबंध मालाचा भाव आणि उधारीची वसुली एवढ्याशीच. वास्तविक हा विषय उधारीच्या वसुलीचाच आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचे उदाहरण घेऊन तो समजून घेण्याचा प्रयत्न येथे करावयाचा आहे. परदेशाचे दाखले लागतील तेथे देऊच, पण ज्या बाजारात आपण गाठोडे सोडतो तिथला दाखला अधिक बरा.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. उर्दूत 'तरक्की' आणि 'बरकत' असे दोन शब्द आहेत आणि आमच्या वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी दोहोंचा अर्थ कधी एक नव्हता. गल्ल्यातली रोजची रक्कम वाढली, ही तरक्की. ती रक्कम घरात टिकली, मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला आणि पुढच्या हंगामाच्या मालाला पुरली, ही बरकत. अर्थशास्त्राचे लोक पहिल्या गोष्टीला आर्थिक वाढ म्हणतात. दुसरीच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे विकास. आणि हीच बरकत आपल्या मागून येणाऱ्यांनाही लाभावी अशा बेताने कारभार करणे, याला शाश्वत विकास म्हणतात.

या कल्पनेला जगात नाव मिळाले ते १९८७ साली. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने त्या वर्षी आपला अहवाल दिला. आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांची गरज भागवण्याची ताकद कमी होऊ नये, असा त्याचा आशय होता. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९० मध्ये, महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल निघाला. नुसते उत्पन्न न पाहता माणूस किती वर्षे जगतो आणि किती शिकतो हेही मोजावे, ही त्यातील मुख्य गोष्ट. त्या मोजमापात २०२५ च्या अहवालानुसार भारताचा क्रमांक १९३ देशांत १३० वा आहे. एकूण उत्पन्नात जगातल्या पहिल्या पाच-सहा देशांत बसणारा देश या यादीत इतका खाली का, हे कळले की निम्मा विषय कळला.

आता मुख्य मुद्दा. देशाचे उत्पन्न मोजण्याची जी पद्धत सर्वत्र चालते तिला स्थूल उत्पन्न म्हणतात. स्थूल म्हणजे घसारा वजा न केलेले. एखाद्या दुकानदाराने माल तर विकलाच, पण वर्षअखेरीस दुकानातली कपाटे, शिलाईयंत्र आणि लोखंडी शटरही विकले आणि सर्व रक्कम विक्रीच्या खात्यात मांडली, तर वही पाहणारा म्हणेल की वा, धंदा दुप्पट झाला! पुढच्या वर्षी तो बसणार कोठे, हे वहीत दिसणार नाही. यंत्राचा आणि इमारतीचा घसारा तरी अर्थशास्त्री दुसऱ्या एका आकड्यात वजा करतात. जंगल तुटले, विहीर आटली, शेतातली वरची माती गेली, नदी नासली, याचा घसारा नेहमीच्या हिशेबात कोठेच येत नाही. विकसनशील देशांची अडचण ही की त्यांचे पुष्कळसे भांडवल याच स्वरूपात असते.

तेव्हा मुद्दलाला हातच लावू नये काय? यावर अर्थशास्त्रज्ञांत दोन पंथ आहेत. रॉबर्ट सोलो यांच्यासारखे म्हणत की मुद्दलाचे रूप बदलले तरी चालेल, एकूण मुद्दल घटता कामा नये. हर्मन डाली यांच्यासारखे म्हणत की काही मुद्दल असे असते की त्याला बदली वस्तूच नाही. नासलेला झरा पैसे मोजून परत विकत मिळत नाही. आम्हांस दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर वाटतात. आमच्या कोकणी बांधवांनी ज्या कुवेतमध्ये नोकऱ्या केल्या, त्या कुवेतने १९७६ मध्ये भावी पिढ्यांसाठी वेगळा निधी काढला आणि सरकारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा त्यात टाकण्याचे ठरवले. तेल संपेल, पण निधीचे उत्पन्न चालू राहील, हा हिशेब. उलट प्रशांत महासागरातील नाऊरू या चिमुकल्या बेटाने फॉस्फेट विकून काही काळ जगात सर्वांत श्रीमंत देशांत नाव मिळवले. खाण संपत आली तेव्हा निधीही बेहिशेबी गुंतवणुकीत उडालेला होता. वक्फचा साधा नियमही हाच आहे. असल कायम ठेवायची आणि तिचे उत्पन्न खर्चायचे. आमच्या वाचकांना हे वेगळे शिकवायला नको.

पाणी येथे, नळ तेथे

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यांतील ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी यांनी शहरे वाढवली. शहापूर आणि मुरबाड हे मुख्यतः भाताचे, जंगलाचे आणि आदिवासी पाड्यांचे तालुके राहिले. दरडोई उत्पन्नात ठाणे जिल्हा राज्यात वरच्या रांगेत दिसतो. पण सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. घोडबंदर रोडवरचा सदनिकाधारक आणि डोळखांबकडच्या पाड्यातला कातकरी यांची बेरीज करून दोनाने भागले, तर कातकऱ्याच्या अंगावर अर्धा कोट चढत नाही.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. महापालिकेच्या हिशेबाप्रमाणे त्यांचा एकूण साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पैकी एकट्या भातसाचा ७,१७,०३७ आणि तानसाचा १,४५,०८०. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. बेरीज केली तर मुंबईच्या साठ्यातला जवळजवळ ६० टक्के भाग एका तालुक्यात साठतो. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जात आहे. आणि याच तालुक्यात मार्च उजाडला की पाड्यापाड्यांवर टँकर फिरू लागतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण जणू येथेच जन्मली असावी.

राग येणे साहजिक आहे, पण कारणे नीट पाहावयास हवीत, नाहीतर उपाय चुकतो. येथे पाऊस कमी नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. मात्र जमीन काळ्या कातळाची, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. चार महिने पडलेले पाणी नदीनाल्यांनी खाली पळते. कातळातल्या विहिरीत मुरलेले पाणी थोडे, ते होळीच्या सुमारास संपते. दुसरे कारण असे की धरणाचे पाणी खोलगट भागात आणि वस्ती वर टेकडीवर. पाणी चढवायचे म्हणजे पंप आणि वीज. नळपाणी योजना बांधायला सरकार एकदाच पैसे देते, विजेचे बिल मात्र दरमहा येते. वीस-पंचवीस घरांचा पाडा ते भरू शकत नाही, ग्रामपंचायतीची घरपट्टी पुरत नाही, जोडणी तुटते आणि टाकी कोरडी उभी राहते. व्यापाऱ्याला हे लगेच समजेल : दुकान बांधून मिळाले, पण भाडे, वीजबिल आणि नोकराचा पगार यांची तरतूद कोणीच केली नाही.

म्हणूनच शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरला पाणी आणण्याची योजना पुढे आली. ऐकणाऱ्याला नवल वाटते की आपल्या तालुक्यात भातसा असताना घाटावरून पाणी का आणावे. कारण हेच की घाटावरचे पाणी आपल्या वजनाने खाली येते, विजेचे बिल लागत नाही. योजना शहाणपणाची आहे. त्या कामाला जो विलंब लागला त्याबद्दल मात्र शहाणपणाचा शब्द सापडत नाही. केंद्राच्या जलजीवन मिशनने १५ ऑगस्ट २०१९ रोजी माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ध्येय २०२४ साठी ठेवले होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढवावी लागली.

याचा कापड दुकानाशी काय संबंध? ज्या घरातल्या बाईचा निम्मा दिवस हंडे वाहण्यात जातो, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. एप्रिल-मे हा लग्नसराईचा हंगाम. त्याच महिन्यांत पाण्याची ओढ सर्वांत जास्त. लुगडे, परकर, पोरांचे कपडे यांची खरेदी कमी होते आणि उधारीची मागणी वाढते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गिऱ्हाईक बाजारात यायला आधी त्याच्या घरात पाणी लागते.

मुरबाडकडची बारवी धरणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हे धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना त्याचे पाणी जाते. उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातील वस्त्या पाण्याखाली जाणार होत्या. लोकांनी दीर्घकाळ लढा दिल्यावर प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील व्यक्तीला महामंडळात किंवा पाणी घेणाऱ्या शहरांच्या संस्थांत नोकरी देण्याचा निर्णय झाला. अंमलबजावणीबद्दल तक्रारी असतील, तत्त्व मात्र योग्य : पाणी ज्याचे, त्याचा पाणी पिणाऱ्यावर हक्क. सोलोच्या भाषेत, जमिनीचे मुद्दल पगाराच्या मुद्दलात बदलले. याच मुरबाडात काळू नदीवरच्या धरणाचे काम मात्र २०११ मध्ये वनखात्याच्या परवानगीआधीच सुरू झाले. सुमारे एक हजार हेक्टर वनजमिनीचा प्रश्न होता. ग्रामसभांचा विरोध होता. अखेर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. पुढेही हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला. शहरांची तहान खोटी नाही. पण तहान भागवण्याची किंमत ठरवताना ज्याचे घर बुडते त्याला खुर्ची हवी, एवढे तरी मान्य व्हावे.

जमिनीचा पैसा

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. नाशिकचा माल भिवंडीच्या गोदामांत लवकर येऊ लागला, हा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. या रस्त्याच्या कामात शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर उचलणारे यंत्र कोसळून २० माणसे गेली. बहुतेक बाहेरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली होती. वाढीच्या आकड्यात रस्त्याची किंमत जमा होते, या वीस घरांचा खर्च कोणत्याही रकान्यात पडत नाही.

रस्ता, गोदामे, फार्महाऊस आणि प्लॉट यांमुळे जमिनीला भाव आला. वासिंद, आसनगाव, खर्डी, सरळगाव, कोठेही जा, दलालांच्या पाट्या दिसतात. मोबदला आला त्या वर्षी बाजार भरभरून चालला. आम्हीही विकले; खोटे कशाला बोला. शेरवानी, भारी साड्या, सूटचे कापड यांना एरवी न दिसणारी मागणी आली. दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक कंट्रोलच्या धान्याच्या रांगेत दिसले, हेही आम्हीच पाहिले.

समजा एका कुटुंबाला ४० लाख मिळाले. १८ लाख घराला, ९ लाख गाडीला, ८ लाख दोन लग्नांना, ३ लाख जुन्या देण्यांना. उरले २ लाख. शेत वर्षाला भले थोडेच भात देत असेल, पण ते घरचे तांदूळ होते, पेंढा होता, गुरे होती. आता तांदूळही विकत आणि पेंढाही नाही. हीच रक्कम त्याने बाजारपेठेत दोन गाळे घेण्यात घातली असती, किंवा मुलाला मोटर रिवाइंडिंग, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, शिवणाचे कारखानदारी काम यांतले काही शिकवून यंत्रे घेऊन दिली असती, तर मुद्दलाचे फक्त रूप बदलले असते. जमीन विकणे हा गुन्हा नाही. जमीन खाणे हा तोटा आहे. आणि तोटा त्याचा एकट्याचा नाही, पुढची पंचवीस वर्षे जो त्याच्याकडे दिवाळी-ईदला कापड विकणार होता त्याचाही आहे.

म्हसा येथे पौष पौर्णिमेला यात्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्या ही तिची जुनी ओळख. घोंगडी घेणारा हा पावसात शेतावर उभा राहणारा माणूस. शेत गेले, बैल गेला की घोंगडी कोणासाठी? प्लॅस्टिकच्या रेनकोटने निम्मे गिऱ्हाईक आधीच नेले आहे, ते सोडा. पण एका मालाच्या मागे केवढी साखळी असते हे यात्रेत उभे राहिले की दिसते : दोरीवाला, घुंगरूवाला, नालबंद, लोहार.

मातीचा आणि माणसाचा घसारा

दिवाळी झाली की या दोन तालुक्यांतील पाडे रिकामे होऊ लागतात. कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात. कल्याण, भिवंडी, डोंबिवलीच्या इमारती या विटांवर उभ्या राहिल्या. हंगामापूर्वी मालक बयाणा देतो, आठवड्याच्या बाजाराला खर्ची देतो आणि पावसाच्या तोंडावर हजारी दराने हिशेब करतो. हिशेबात बयाणा आणि खर्ची वजा होऊन हाती काय राहते, हे बहुधा मालकाच्या वहीवर अवलंबून. काही राहिले नाही तर पुढच्या वर्षाचे काम आधीच गहाण. आगाऊ रकमेत माणूस अडकवून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे आणि असे कर्ज त्या कायद्याने रद्दच ठरते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांची भट्टी आहे त्यांनी लक्षात ठेवावे. मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात, शाळेचे वर्ष मध्येच तुटते. ज्या मुलाने शिकून पुढे गिऱ्हाईक व्हायचे, तोच पुन्हा बयाण्यावर जातो.

याच भट्टीत दुसरे मुद्दल जळते ते मातीचे. भातखाचरातली वरची माती विटेसाठी विकली जाते. शेतकऱ्याला एकदा रोख मिळते, खाचर फूटभर खाली जाते आणि पीक उतरते. वरचा थर तयार व्हायला किती पिढ्या लागतात हे जमिनीच्या जाणकारांना विचारावे. आता सिमेंटचे हलके ब्लॉक आल्याने विटेची मागणीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणजे माती गेलीच, धंदाही जाण्याच्या बेतात.

आमच्या कापड व्यवसायाने येथे साळसूद बनण्याचे कारण नाही. भिवंडीच्या सायझिंग आणि प्रोसेसिंगच्या बॉयलरांनी किती लाकूड, कोळसा आणि चिंध्या जाळल्या, याची मोजणी कोणी ठेवलेली नाही. नदीचा घसारा न मोजल्यास काय होते हे तमिळनाडूतील तिरुप्पूरने पाहिले. बनियन आणि टी-शर्टच्या निर्यातीने ते गाव जगाच्या नकाशावर गेले, रंगाच्या पाण्याने नोय्यल नदी आणि तिच्यावरचे धरण नासले, शेतकरी न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक कारखान्यांना एका फटक्यात कुलूप. कामगार गावी परतले, ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. पुढे सांडपाणी पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभी करूनच ते कारखाने चालले. जो खर्च पंधरा वर्षांत थोडाथोडा करता आला असता तो एकदम करावा लागला. मध्य आशियात तर कापसासाठी १९६० नंतर अमू आणि सिर या नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला. मुयनाक हे मासेमारीचे बंदर आज वाळवंटात उभे आहे. त्या कापसाची निर्यात सोव्हिएत आकडेवारीत वाढ म्हणूनच नोंदली गेली होती.

हे दूरचे वाटत असेल तर जवळ पाहा. उल्हासनगरात वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली, तेव्हा त्यांतले काही शेजारच्या ग्रामीण पट्ट्यात सरकले. भातसा, काळू आणि उल्हास या नद्या एकमेकींना मिळतात; एका तालुक्यातून हाकललेले निळे पाणी दुसऱ्या तालुक्यात सोडून प्रश्न सुटत नाही. गावात कोणी जागा भाड्याने मागायला आला आणि भाडे नेहमीपेक्षा दुप्पट देऊ लागला, तर त्याच्या सांडपाण्याची वाट आधी विचारावी.

घोषणा आणि चालू खर्च

मागास भागात कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्र सरकारने १९६४ पासून सवलतींची सामुदायिक योजना चालवली. तालुक्यांचे वर्ग पाडले, मागास वर्गाला विक्रीकरात जास्त वर्षे सवलत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीला या धोरणाने कारखाने मिळाले, काही तरुणांना नोकऱ्या मिळाल्या. पण जो कारखाना केवळ सवलतीसाठी येतो तो सवलत संपली की जातो. राज्यात अनेक वसाहतींत हे घडले आणि मुरबाड त्याला अपवाद नव्हते. कच्चा माल बाहेरचा, कुशल कामगार बाहेरचा, गिऱ्हाईक बाहेरचे, तर मुळे रुजणार कशात? मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या मंजुरीच्या बातम्या वाचून आमच्या पिढीचे केस पांढरे झाले.

धसई हे मुरबाड तालुक्यातील बाजाराचे गाव. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये ते रोकडविरहित गाव म्हणून देशभर गाजले. दुकानदारांना कार्ड घासण्याची यंत्रे मिळाली, पुढारी आले, छायाचित्रे निघाली. थोड्याच दिवसांत नेटवर्क जाणे, वीज जाणे, मजुराच्या हाती कार्डच नसणे या अडचणी पुढे आल्या आणि रोकड परतली. पुढे मोबाईलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र आपोआप पसरली, कारण तिला वेगळे यंत्र लागत नव्हते आणि पानवाल्यालाही तिचा खर्च झेपत होता. नळपाणी योजनेचा आणि या यंत्रांचा धडा एकच आहे. जी गोष्ट चालवण्याचा रोजचा खर्च गावाला झेपतो तीच गावात राहते.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. व्यापारी मंडळीची सवय अशी की ग्रामसभेला जायचे नाही आणि नंतर कट्ट्यावर बसून टीका करायची. पाणीयोजनेचा ठराव येतो तेव्हा वीजबिल कोण भरणार आणि सौर पंप बसतो काय, हे दोन प्रश्न हिशेब जाणणारा माणूसच विचारू शकतो. डिसेंबरात ओढ्याला पाणी असते तेव्हा रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. बाजारपेठेने गोण्या आणि चहा दिला तरी एका पाड्याची विहीर महिनाभर अधिक टिकते. खर्च एका बॅनरइतका.

उधारीतही फरक करावा. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला दिवाळीत भारी माल उधार देऊन त्याचा बयाणा आणखी वाढवण्यापेक्षा टिकाऊ माल कमी किमतीत द्यावा आणि वसुली पावसाळ्यानंतर भात निघेल तेव्हा धरावी. मोबदला मिळालेला शेतकरी दुकानात आला तर त्याला साडी अवश्य दाखवावी, पण गाळ्याची, यंत्राची, मुलाच्या शिक्षणाची गोष्टही काढावी. एका बैठकीत त्याचे डोके फिरवायला दलाल, गाडीवाला आणि मंडपवाला असे तिघे असतात; चौथा आपण असलो तर बिघडले काय?

कारागिरांसाठी एक गोष्ट खास सांगावयाची आहे. या दोन तालुक्यांत आश्रमशाळा पुष्कळ आहेत आणि गणवेश, चादरी, गाद्या यांची गरज दरवर्षी असते. हे काम बहुधा दूरच्या मोठ्या पुरवठादारांकडे जाते, कारण आपल्यापैकी कोणाकडे एकत्रित नोंदणी, जीएसटीचे कागद आणि वेळेवर माल देण्याची हमी नसते. चार शिंपी, एक पिंजारी आणि एक कापडवाला यांनी मिळून संस्था नोंदवली तर निविदा भरण्यास कायद्याने आडकाठी नाही. असे काम तालुक्यात राहिले की मजुरीचा पैसा तालुक्यातच फिरतो, किन्हवलीच्या शिंप्याकडून वाण्याकडे, वाण्याकडून भाजीवालीकडे. नोंदणीची कागदपत्रे गोळा करायला जून ते ऑगस्ट हे महिने उत्तम. बाजार मंद असतो, कचेरीत गर्दी कमी असते, आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या निविदा निघेपर्यंत हाती पुरेसा अवधी राहतो.